आतली कड

राहनाळला आमचे बिऱ्हाड येऊन सात वर्षे झाली. आमच्या वसईच्या माणसांना हे गाव ठाऊक असण्याचे तसे कारण नाही. वसई-दिवा गाडीने जाताना भिवंडी रोड स्थानक लागते. तेथे उतरून अंजूरफाट्याच्या बाजूस वळले की जवळच राहनाळ. एका अंगाला यंत्रमागांची खडखड, दुसऱ्या अंगाला गोदामांचे लांबच लांब पत्रे, आणि मधून नवनव्या इमारती. मुंबईत जकात होती तेव्हा शहराच्या सीमेबाहेर माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्यांच्या सोयीचे असे. त्यामुळे भिवंडीभोवतालच्या ग्रामपंचायतींच्या जमिनींवर गोदामे उभी राहिली. २०१७ साली जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. त्यांतल्याच एका गोदामातील नोकरीने आम्हांस येथे आणले.

शरीराने आम्ही राहनाळचे झालो, मनाने मात्र अजून वसईचेच आहोत. आई तिकडे. आमचा धर्मग्राम तिकडे. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी मुलांना मागच्या आसनावर बसवून अंजूरफाटा, खारबाव, कामण, चिंचोटी असा रस्ता धरायचा, रात्र आईजवळ काढायची, रविवारची मिस्सा ऐकून आणि आईच्या हातचे जेवून परत फिरायचे, हा आमचा नेम. जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर. त्या रस्त्याचे पावसाळ्यातील रूप ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका शनिवारी खारबावच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडीचे डावे पुढचे चाक धाडकन आपटले. मुले दचकून जागी झाली. गाडी थांबली नाही, चाक फुटले नाही. आम्ही क्रूसाची खूण केली आणि पुढे निघालो. दुसऱ्या दिवशी परतताना मात्र गाडी किंचित डावीकडे ओढत असल्याचे जाणवले. आठवड्याभरात व्हील अलाइनमेंट करून घेतली. दुकान कोणते ते सांगण्याचे कारण नाही. यंत्र नवे होते, पडद्यावर रंगीत आकडे होते आणि हाती आलेल्या कागदावर सगळे आकडे हिरवे होते. गाडी ओढणे थांबले.

पण स्टिअरिंग वाकडे झाले. सरळ रस्त्यावर गाडी सरळ चाले आणि स्टिअरिंगच्या मधले चिन्ह मात्र उजवीकडे कललेले राही. पुढे डॅशबोर्डवर संत ख्रिस्तोफरची लहानशी मूर्ती आहे. ती सरळ आणि तिच्यासमोरचे चाक तिरके, असे ते ध्यान दिसे. आम्ही पुन्हा दुकानात गेलो. तेथल्या मुलाने विचारले, "गाडी खेचते का?" आम्ही म्हटले, "नाही." "मग चालवा की!" एवढ्यावर आमचे समाधान झाले. माणसाला सवय किती लवकर लागते! महिन्याभरात वाकडे स्टिअरिंगच आम्हांस सरळ वाटू लागले.

पुढे, राखेचा बुधवार जवळ आला असता, गाडी विकण्याचा विचार निघाला. गाडी दहा वर्षांची. आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण भाड्याने चालविण्यासाठी जुनी गाडी शोधत होता. मुलगा कष्टाळू, घरची परिस्थिती बेताची. पुनरुत्थानाच्या सणापूर्वी येऊन गाडी पाहीन, असा त्याचा निरोप आला. तेव्हा आम्हांस स्टिअरिंगची आठवण झाली. आम्ही तिसऱ्यांदा त्या दुकानात विचारणा केली. उत्तर मिळाले, "सोपे काम आहे. स्टिअरिंग काढतो आणि दोन दाते फिरवून सरळ बसवून देतो. दहा मिनिटांत होईल. घेणाऱ्याला काही कळणार नाही."

त्या रात्री मुले झोपल्यावर आम्ही दोघे याविषयी बोललो. "सरळ बसवूनच देऊ या, त्याला काय कळणार?" हे वाक्य आम्हा दोघांपैकी कोणी उच्चारले ते येथे लिहीत नाही. एकाने उच्चारले, दुसऱ्याने ऐकले, आणि ऐकणाऱ्यानेही नको म्हटले नाही. तेव्हा ते दोघांचेच होते. शनिवारची वेळ ठरली.

शनिवारी सकाळी दुकानाकडे निघालो आणि घरापासून फर्लांगभर अंतरावरच डाव्या पुढच्या चाकातील हवा उतरली. राहनाळच्या नाक्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये एक वृद्ध गृहस्थ पंक्चर काढतात. त्यांना सगळे चाचा म्हणतात. लहानपणी ते उत्तर प्रदेशातून भिवंडीला मागावर काम करण्यासाठी आले, पुढे मागांचे फिटर झाले, आणि कानांना खडखड सोसेनाशी झाली तेव्हा टायरच्या धंद्यात शिरले. त्यांनी चाक काढले, पाण्याच्या टबात फिरविले आणि बुडबुडे पाहून मान हलविली. भोक टायरच्या आतल्या कडेला होते. ते म्हणाले, "येथे पट्टी टिकणार नाही. येथे रबरच उरलेले नाही."

त्यांनी टायर आमच्यासमोर उभा केला. बाहेरच्या बाजूला नक्षी ठळक होती. रोज गाडी पुसताना आम्ही तीच पाहत आलो होतो. चाचांनी टायर उलटा फिरविला. आतल्या कडेने बोटभर रुंदीचा पट्टा गुळगुळीत झाला होता आणि त्यातून एके ठिकाणी पोलादी तारांची टोके चमकत होती. ज्या टायरवर आम्ही गेल्या शनिवारी मुलांना आणि रविवारी आईला बसवून नेले, तो हाच टायर. टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढाच असतो. एवढ्याशा चार तळहातांवर सगळे कुटुंब धावत असते, आणि त्यांतल्या एकाची चामडी सोलून हाडे दिसू लागली होती.

"आँख से नहीं, हाथ से देखो," असे म्हणून चाचांनी आमचा तळवा टायरच्या नक्षीवरून आडवा फिरविला. आतून बाहेर नेताना पृष्ठभाग मऊ लागे. बाहेरून आत आणताना नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीच्या दातासारखी टोचे. त्यांनी समजाविले ते असे. चाकांची पुढची टोके एकमेकांपासून दूर गेलेली असली, म्हणजे माणूस पाय फाकवून चालावा तशी चाके चालत असली, तर टायर आतल्या कडेला झिजतो आणि कडा अशा टोचतात. टोके एकमेकांकडे वळलेली असली तर झीज बाहेरच्या कडेला होते आणि हाताला टोचणारी दिशा उलटी होते. या कलाला गॅरेजवाले 'टो' म्हणतात. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत राहिला तर हवा कमी होती असे समजावे. मध्यच झिजला तर हवा जास्त होती. एका बाजूची झीज आहे पण कडा टोचत नाहीत, तर चाक उभ्या रेषेत कलले असावे, म्हणजे कॅम्बर बिघडले असावे. मधून मधून खळगे पडले तर शॉक ॲब्सॉर्बरकडे पाहावे. "मागावर ताणा एका बाजूला सैल पडला की कापडाची किनार आपोआप बोलते," चाचा म्हणाले. "टायरचेही तसेच. विचारणारा पाहिजे."

नंतर आम्ही कागदावर हिशेब मांडला. रिमच्या कडेशी मोजून दोन्ही चाकांत मिळून केवळ ३ मिलिमीटरचा फरक असला, तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे सुमारे ४ मीटर आडवे घासले जाते. वसईच्या एका फेरीत ३२० मीटर. म्हणजे प्रत्येक रविवारी मिस्सा ऐकून येईपर्यंत आम्ही आमचा टायर तेवढा रस्ता फरफटत नेत होतो, आणि गाडी सरळ चालते म्हणून समाधानी होतो.

चाचांनी जॅक लावून रिकामी धुरी उचललेलीच होती. त्यांनी सुटे चाक बसविले, ते डाव्या आणि उजव्या बाजूंनी धरून हलविले आणि आम्हांस कान लावावयास सांगितले. टक्, टक्. मग वर-खाली धरून हलविले. आवाज नाही. वर-खाली खेळ असता तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा संशय घ्यावा लागला असता. येथे खेळ आडवा होता. स्टिअरिंगपासून दोन्ही चाकांकडे एकेक दांडा जातो, त्याला टाय रॉड म्हणतात. डाव्या टाय रॉडच्या टोकाचा सांधा त्या खारबावच्या खड्ड्यात सैल झाला होता. यंत्रावर गाडी उभी असताना तो सांधा गप्प राहिला आणि आकडे हिरवे उमटले. रस्त्यावर ब्रेक लागला, खड्डा आला, की सांध्यातील ढिलाईएवढे चाक बाहेर कले. सैल सांध्यावर केलेली अलाइनमेंट म्हणजे वाळूवर बांधलेले घर.

मग वाकड्या स्टिअरिंगचे काय? हे समजावून घेताना आमच्या डोक्यात उजेड पडला आणि आम्ही थोडे खजीलही झालो. स्टिअरिंगचे वाकडेपण आणि टायरची झीज ही दोन वेगळी दुखणी आहेत. अलाइनमेंट करताना प्रथम स्टिअरिंग बरोबर मध्यावर आणून पट्टीने जखडावयाचे असते आणि मग दोन्ही टाय रॉड आपापल्या मापावर आणावयाचे असतात. घाईत कारागीर एकाच बाजूचा दांडा फिरवून एकूण हिशेब जुळवितो. चाके परस्परांशी समांतर होतात, गाडी सरळ जाते, मात्र स्टिअरिंग तिरके राहते. एवढाच दोष असेल तर टायर झिजत नाही. याउलट दोन्ही दांडे सारख्याच प्रमाणात चुकलेले असतील, तर स्टिअरिंग अगदी सरळ दिसेल आणि दोन्ही टायर निमूटपणे झिजत राहतील. म्हणजे सरळ स्टिअरिंग हे सरळ चाकांचे प्रमाणपत्र नव्हे. आमच्या गाडीत दोन्ही दोष एकत्र नांदत होते. स्टिअरिंगचे वाकडेपण हाच काय तो आम्हांस बाहेर दिसणारा पुरावा होता, आणि तो पुरावाच पुसून टाकण्यासाठी आम्ही त्या सकाळी घराबाहेर पडलो होतो.

स्टिअरिंग काढून बसविण्याच्या युक्तीत आणखीही धोके आहेत. दांडे जसेच्या तसे राहतात, त्यामुळे गाडी एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी वळते. आताच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या पोटात एअरबॅग असते. बॅटरी न सोडविता तेथे हात घालणे जिवावर बेतू शकते. ज्या गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो, तेथे यंत्राला मध्यबिंदू नव्याने शिकवावा लागतो. मूळ चाकच दात्यांवर चुकीचे बसविले गेले असेल, तर ते काढणे योग्य. पण ते तपासून ठरवावे, लपविण्यासाठी ठरवू नये.

त्या दिवशी आम्ही दुकानात गेलो नाही. संध्याकाळी आईला फोन करून येत नसल्याचे कळविले आणि रविवारी सकाळी ठाण्याला मिस्सा ऐकली. राखेच्या बुधवारी योएल संदेष्ट्याचे वाचन असते. वस्त्रे फाडून पश्चात्ताप दाखवू नका, अंतःकरण उघडे करा, असा त्याचा आशय. दरवर्षी ते ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे कुणीतरी जुन्या काळचे, लांब अंगरख्यातले लोक उभे राहात. या खेपेस आमच्या खिशातील हिरव्या आकड्यांचा कागद आठवला.

पापनिवेदनापूर्वी आपण सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करतो, तीही बहुधा बाहेरच्या कडेचीच असते. कुणाशी भांडलो, कुठे खोटे बोललो, किती वेळा प्रार्थना चुकली. दिसणारी नक्षी आपण मोजतो. स्टिअरिंग वाकडे असल्याची खंत होती, पण ती कशाची खंत होती? गाडी असुरक्षित असल्याची नव्हे, किंमत कमी येईल याची. आपल्याच मंदिरात पुढच्या बाकावर गुडघे टेकणारा एक मुलगा ती गाडी घेऊन रोज परक्या माणसांना बसवून फिरणार होता, हे आमच्या हिशेबात कोठेच नव्हते.

संत ख्रिस्तोफरविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे की परमगुरुपीठाने त्याला संतपदावरून काढून टाकले. तसे झालेले नाही. १९६९ साली परमगुरू सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत उपासना-दिनदर्शिकेची फेररचना झाली, तेव्हा २५ जुलैचा त्याचा सण सर्व जगासाठीच्या यादीतून वगळला गेला. हुतात्म्यांच्या नामावलीत त्याचे नाव आजही आहे. प्रवाशांनी त्याची मूर्ती बाळगण्यास काहीच हरकत नाही. पण मूर्ती बसविली म्हणजे टायर पाहण्याची गरज उरत नाही, असे आम्ही नकळत समजून चाललो होतो. ज्याने प्रवाशांना खांद्यावर घेऊन नदी पार करून दिल्याची कथा सांगतात, त्याला आपल्या पायांखालची जमीन चाचपडावीच लागली असणार.

१९ जून २००७ रोजी स्थलांतरितांच्या सेवेसाठी असलेल्या परमगुरुपीठाच्या तत्कालीन परिषदेने रस्त्यावरील मेषपालकीय सेवेविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या आहेत. तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची थोडी गंमतही केली होती. पण त्यांतली पहिली आज्ञा आपली जुनीच आहे, खून न करण्याची. आणि शेवटची इतरांविषयी जबाबदारी बाळगण्याची. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आमचा तो टायर येतो, असे आम्हांस वाटते. मनात वाईट हेतू नसताना, केवळ न पाहिल्याने, पाचव्या आज्ञेच्या किती जवळ जाता येते!

दुरुस्ती फार मोठी नव्हती. दोन्ही टाय रॉडांची टोके बदलली. पुढचे दोन्ही टायर नवे घेतले. महिन्याच्या किराण्याहून खर्च अधिक आला. उजवा टायर अजून चालला असता, पण त्याचीही आतली कड १.६ मिलिमीटरच्या खुणेशी टेकली होती, आणि त्याहून कमी नक्षी उरलेला टायर मोटारीला कायद्याने चालत नाही. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेल्या मापाप्रमाणे हवा भरली. मग दुसऱ्या ठिकाणी अलाइनमेंट केली, आणि या वेळी आम्ही शेजारी उभे राहिलो. कारागिराने प्रथम मागची चाके मोजली, कारण मागची चाके तिरपी असतील तर ती गाडीला ढकलून पुढचे स्टिअरिंग वाकडे करतात. नंतर स्टिअरिंग मध्यावर आणून जखडले, दोन्ही दांडे एकेक करून मापावर आणले, त्यांची नटे आवळली आणि शेवटी पुन्हा एकदा मापे घेतली. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही कागद आम्ही मागून घेतले. परीक्षेसाठी सपाट रस्ता निवडला. आपल्याकडे डाव्या बाजूने वाहने चालतात आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता डाव्या कडेला उतरता ठेवलेला असतो. तेव्हा गाडी जराशी डावीकडे झुकली तर तो रस्त्याचा स्वभाव असू शकतो. त्यासाठी गाडीला बोल लावू नये.

जुना डावा टायर चाचांनी बाजूला ठेवला होता. "विकायचा का?" त्यांनी विचारले. वरून बरा दिसणारा असा टायर कुणीतरी गरजू माणूस घेऊन जातो, हे आम्हांस तेव्हा कळले. आम्ही नको म्हटले. चाचांनी सुरी घेऊन त्याच्या दोन्ही बाजू उभ्या चिरल्या, म्हणजे तो पुन्हा कोणत्याच गाडीला लागू नये. त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

तो तरुण ठरल्याप्रमाणे आला. आम्ही त्याला खड्ड्यापासून सगळी हकीकत सांगितली, दोन्ही कागद दाखविले. स्टिअरिंग सरळ करून त्याच्या गळ्यात गाडी बांधण्याचा बेत होता, हेही सांगितले. ते सांगताना दोघांचीही मान खाली होती. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अंकल, मला सीएनजीचीच गाडी पाहिजे." प्रामाणिकपणाचे फळ ताबडतोब पदरात पडते असे नाही. गाडी आमच्याकडेच राहिली. पण पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. एक सीएनजीची गाडी त्याला पसंत पडली होती. व्यवहार करण्यापूर्वी त्याने स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरविला होता. "अंकल, तार हाताला लागली," तो म्हणाला. त्याने ती गाडी घेतली नाही.

आता शनिवारी निघण्यापूर्वी आम्ही स्टिअरिंग एकदा पूर्ण उजवीकडे आणि एकदा पूर्ण डावीकडे वळवितो, म्हणजे चाक बाहेर येते आणि आतली कड दिसते. दोघांपैकी एकाने स्टिअरिंग धरायचे, दुसऱ्याने खाली वाकायचे. मुलांनाही हे काम आवडू लागले आहे. तळवा आतून बाहेर, मग बाहेरून आत. अजून काही टोचलेले नाही. हात मात्र काळे होतात. ते धुऊन मगच आम्ही वसईला निघतो.